अखंड चालणाऱ्या यंत्रांची निगा

मुंबईत शनिवार आला की वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यात दुसऱ्या दिवशीच्या 'मेगाब्लॉक'ची सूचना हटकून आढळते. अमुक वेळेपासून तमुक वेळेपर्यंत अमुक मार्गावरील गाड्या बंद राहतील, अथवा दुसऱ्या मार्गाने वळविल्या जातील, एवढाच त्या सूचनेचा मजकूर असतो. गिरगावाहून दादरला लग्नकार्यासाठी निघालेले कुटुंब ती सूचना वाचून थोडे त्रासते, घरातून अर्धा तास आधी निघते आणि सोमवारी ती गोष्ट विसरूनही जाते. परंतु या सूचनेत एक मोठे तत्त्व सामावलेले आहे. जे यंत्र आठवड्याचे सातही दिवस चालावे अशी लोकांची अपेक्षा असते, ते यंत्र काही तास जाणूनबुजून थांबविल्यावाचून तसे चालत नाही. रूळ तपासावे लागतात, तारा ताणाव्या लागतात, झिजलेले भाग बदलावे लागतात. ठरवून घेतलेला हा लहान विराम मोठा अपघाती विराम टाळतो.

याच शहरात दुसऱ्या एका जातीची यंत्रे रात्रंदिवस राबत असतात. मात्र ती कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. बँकेतील शिलकेची चौकशी, रेल्वेच्या तिकिटाची मागणी, शेअरचा भाव, परदेशी असलेल्या मुलाचे पत्र, या सर्वांसाठी माणूस ज्या दूरच्या संगणकाकडे विचारणा करतो आणि ज्याच्याकडून त्यास उत्तर मिळते, त्यास 'सर्व्हर' म्हणतात. आलेली प्रत्येक विचारणा वाचून योग्य तो कागद काढून देणारी जी आज्ञावली त्या संगणकावर चालते, ती वेब सर्व्हरची आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, होय. कचेरीतील दप्तरदार जसा खिडकीशी बसून येणाऱ्याला हवा तो दाखला काढून देतो, तसेच तिचे काम. भेद इतकाच की हा दप्तरदार एका क्षणी हजारो लोकांना उत्तर देतो आणि त्याला जेवणाची सुटी नसते. हा दप्तरदार वर्षानुवर्षे न अडखळता काम करीत राहावा म्हणून काय करावे लागते, आणि ही विद्या मुंबईने कोणत्या क्रमाने आत्मसात केली, याचा इतिहास उद्बोधक आहे.

या इतिहासाचा आरंभ संगणकापासून होत नाही. तो कापसाच्या गिरणीपासून होतो. कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापिलेल्या कंपनीची गिरणी ताडदेव येथे १८५६ साली सुरू झाली आणि पुढील काही दशकांत लालबाग, परळ, भायखळा हा सारा भाग चिमण्यांनी व्यापून गेला. वाफेवर चालणारी ही यंत्रे अहोरात्र धावावीत अशी मालकांची इच्छा. परंतु कापसाची पिंज सांध्यासांध्यांत साचते, तेल सुकते, पट्टे सैल पडतात. सबब यंत्रांना साफसफाईचा दिवस द्यावाच लागे. तो दिवस मिळे मजुराच्या विश्रांतीतून. सुटीच्या दिवशीही यंत्रे पुसण्यासाठी मजुरांना काही तास बोलावण्याची वहिवाट होती.

या वहिवाटीला व एकंदर अविश्रांत राबणुकीला तोंड फोडले ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी. त्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली. १८९० च्या एप्रिल महिन्यात मुंबईत भरलेल्या कामगारांच्या प्रचंड सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली, आणि त्याच वर्षाच्या १० जून रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली. यंत्राला आणि माणसाला दोघांनाही ठरावीक विराम लागतो, आणि एकाचा विराम दुसऱ्याच्या विश्रांतीतून चोरून घेणे न्याय्य नव्हे, ही गोष्ट मुंबईने अशी झगडून शिकली. आजच्या सर्व्हरच्या संदर्भात हा धडा शिळा झालेला नाही, हे पुढे दिसून येईल.

परळ येथे रेल्वेचा कारखाना १८७९ साली सुरू झाला. रेल्वेच्या कारखान्यांत जी पद्धत रूढ झाली तिला नियतकालिक ओव्हरहॉल असे म्हणतात. एंजिन बिघडले म्हणून कारखान्यात आणावयाचे, अशी ही पद्धत नव्हे. ठरावीक मुदत भरली, अथवा ठरावीक मैल धाव झाली, की धडधाकट दिसणारे एंजिनही आत घ्यावयाचे, त्याचे भाग सुटे करावयाचे, प्रत्येक भाग मोजून पाहावयाचा आणि झीज मर्यादेपलीकडे गेली असेल तर तो बदलावयाचा. दुरुस्ती आणि निगा यांतील भेद येथे स्पष्ट होतो. दुरुस्ती बिघाडाच्या मागून येते. निगा बिघाडाच्या पुढे चालते.

तिसरा धडा पाण्याचा आहे. मलबार हिलवरील हँगिंग गार्डनच्या हिरवळीखाली १८८० च्या दशकात बांधलेला जलाशय आहे. त्याची क्षमता सुमारे १४ कोटी ७० लाख लिटर असून गिरगाव व त्याच्या आसपासच्या वस्तीला त्याचे पाणी जाते. हा जलाशय पाडून नवा बांधावा असा महापालिकेचा विचार पुढे आला, तेव्हा २०२३ साली नागरिकांनी त्यास हरकत घेतली आणि तज्ज्ञांकडून तपासणी झाली. ही तपासणी शक्य झाली याचे कारण जलाशयाला निरनिराळे कप्पे आहेत. एक कप्पा रिकामा करून माणसे आत उतरावीत, भिंती ठोकून पाहाव्यात, आणि तोवर दुसऱ्या कप्प्यातून शहराला पाणी चालू राहावे. मूळ बांधणाऱ्यांनी कप्पे केले नसते, तर तपासणीच्या दिवशी गिरगावातील नळ कोरडे पडले असते. जी वस्तू बंद न ठेवता दुरुस्त करावयाची आहे, तिचे विभाग बांधणीच्या वेळीच करावे लागतात. मोठ्या संकेतस्थळांच्या मागे एकाऐवजी अनेक सर्व्हर उभे करून, एकेक बाजूस काढून, त्यांची निगा राखण्याची जी रीत आज सर्वत्र रूढ आहे, ती याच तत्त्वावर उभी आहे.

आता तारांकडे वळू. 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड जहाजाने १८७० साली मुंबई ते एडन अशी समुद्राखालील तार टाकली आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात मुंबई व लंडन यांचा पाण्याखालून थेट संबंध जुळला. तार तुटली तर समुद्राच्या तळाशी जाऊन ती कोठे तुटली हे पाहता येत नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या कचेरीत बसून तारेचा विद्युत्‌रोध मोजावयाचा आणि त्यावरून तूट किती मैलांवर आहे याचा अदमास बांधावयाचा, अशी युक्ती निघाली. रोज मोजमाप करून त्याची नोंद ठेवणे हे तारायंत्राच्या कचेरीचे मुख्य काम होऊन बसले. निरोगी तारेचे मोजमाप ठाऊक असेल तरच रोगी तार ओळखू येते. आजचा सर्व्हर सांभाळणारा माणूस यंत्राच्या उत्तराला किती वेळ लागतो, स्मृतीचा किती भाग व्यापला आहे, किती विचारणा एका वेळी येत आहेत, याचे आलेख शांततेच्या दिवसांतही राखतो, त्यामागचे कारण हेच.

समुद्रापलीकडच्या दळणवळणाचे काम स्वातंत्र्याच्या वर्षी, म्हणजे १९४७ साली, सरकारच्या ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस या खात्याकडे आले. १९८६ साली त्याचे विदेश संचार निगम या सरकारी कंपनीत रूपांतर झाले. ही कंपनी २००२ साली टाटा समूहाकडे गेली आणि २००८ पासून टाटा कम्युनिकेशन्स या नावाने ओळखली जाऊ लागली. फोर्टमधील विदेश संचार भवन आणि प्रभादेवी येथील लोकमान्य विदेश संचार भवन या वास्तूंची नावे या इतिहासाची खूण आहेत.

संगणकाची निगा ही मुंबईतील नवी विद्या प्रथम बहरली ती कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तेथे भारतीय तंत्रज्ञांनी आपल्या हातांनी एक पूर्ण संगणक बांधला. तो १९६० साली चालू झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. स्मृती होती अवघ्या २,०४८ शब्दांची. निर्वात नलिका ही विजेच्या दिव्यासारखी वस्तू. तिचे आयुष्य मर्यादित असते आणि एक नलिका गेली तरी सारे गणित चुकते. अडीच हजारांहून अधिक दिवे एकाच वेळी तेवत ठेवावयाचे, तर कोणता दिवा मंदावू लागला आहे हे तो विझण्यापूर्वी ओळखावे लागते. १९६४ साली संस्थेत सीडीसी ३६०० हा परदेशी संगणक आला व टिफ्रॅकचे काम मागे पडले. तथापि, यंत्र बांधणाऱ्यांनीच यंत्र सांभाळावयाचे, ही सवय त्याने एका पिढीला लावली.

त्या परंपरेतूनच श्रीनिवासन रमणी यांच्यासारखे संशोधक पुढे आले. १९८५ साली मुंबईत राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, स्थापन झाले आणि रमणी त्याचे प्रमुख होते. शिक्षणसंस्थांना जोडणारे अर्नेट हे संगणकजाळे १९८६ साली सुरू झाले. त्यात या केंद्राचा वाटा मोठा होता. १९८९ साली भारताला '.इन' हे जागतिक नाव मिळाले आणि त्याची नोंदवही सांभाळण्याचे काम २००५ पर्यंत या केंद्राकडेच राहिले. नोंदवही सांभाळणे हे वाक्य साधे दिसते. परंतु त्या वहीतील एक ओळ चुकली तर एखादी संस्था जगाच्या नकाशावरून नाहीशी होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या कामाची जोखीम कळते.

सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या हातून. टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला ९,६०० बिट एवढ्याच वेगाने प्रवास होई. आरंभीचे दिवस तक्रारींचे गेले. टेलिफोन लागत नसे. लागला तर मध्येच तुटे. निगमाचे त्या वेळचे अध्यक्ष ब्रिजेंद्र सिंगल यांनी उणिवा जाहीरपणे मान्य केल्या आणि सामग्री वाढविण्यात आली. उद्घाटनाचा मुहूर्त साधणे आणि दुसऱ्या दिवसापासून सेवा टिकविणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, याचे इतके उघड प्रात्यक्षिक मुंबईने क्वचितच पाहिले असेल. या नव्या माध्यमाच्या आरंभीच्या उत्साही पुरस्कर्त्यांत मलबार हिलवर राहणारे चित्रपटनट शम्मी कपूर हेही होते, ही नोंद घेण्याजोगी आहे.

योगायोग असा की, याच १९९५ साली अमेरिकेत त्या सर्व्हरच्या आज्ञावलीचा जन्म होत होता, जिने पुढे अर्ध्या जगाची खिडकी सांभाळली. इलिनॉय विद्यापीठाच्या एका केंद्रात रॉब मॅककूल या तरुणाने लिहिलेली सर्व्हरची आज्ञावली १९९३ पासून लोकप्रिय होती. १९९४ साली तो ते केंद्र सोडून गेला आणि आज्ञावली पोरकी झाली. ती वापरणारे लोक आपापल्या जागी तिला ठिगळे लावू लागले. त्यांपैकी काहींनी १९९५ च्या फेब्रुवारीत एकत्र येऊन ती ठिगळे गोळा केली आणि 'अपाची' या नावाने ती आज्ञावली प्रसिद्ध केली. हे नाव अमेरिकेतील एका मूळच्या लढवय्या जमातीच्या आदराने घेतले, असे तिचे प्रवर्तक सांगतात. इंग्रजीत 'ठिगळांचा सर्व्हर' असाही त्या उच्चाराचा अर्थ निघतो, हा विनोदही तितकाच प्रसिद्ध आहे. १९९६ च्या एप्रिलपर्यंत ती जगात सर्वांत अधिक वापरली जाणारी सर्व्हरची आज्ञावली ठरली. म्हणजे जगातील या अत्यंत यशस्वी आज्ञावलीचे मूळ एखाद्या नव्या शोधात नाही. ते सोडून दिलेल्या वस्तूची निगा राखण्यात आहे.

येथे एक शंका साहजिकच उद्भवते. लोखंड गंजते, पट्टा झिजतो, नलिका विझते, हे समजण्यासारखे आहे. परंतु अक्षरांनी लिहिलेली आज्ञावली झिजते कशी? काल बरोबर असलेले गणित आज चुकत नाही. मग काल चालणारा सर्व्हर आज का अडतो? या प्रश्नाची तीन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर साचण्याचे आहे. सर्व्हर आलेल्या प्रत्येक विचारणेची नोंद आपल्या वहीत करतो. कोण आला, केव्हा आला, काय मागितले, काय दिले. ही वही दिवसागणिक फुगत जाते आणि एके दिवशी सगळी जागा व्यापून टाकते. जागा संपली की नवे काही लिहिता येत नाही आणि यंत्र मुकाट्याने अडते. गिरणीतील कापसाची पिंज ती हीच. यावर उपाय साधा आहे. रोज रात्री जुनी वही बंद करावी, नवी उघडावी, जुन्या वह्या दाबून लहान कराव्यात आणि ठरावीक मुदतीनंतर काढून टाकाव्यात. उपाय इतका साधा असूनही तो पहिल्या दिवशी न योजल्यामुळे बंद पडलेले सर्व्हर अगणित आहेत.

दुसरे उत्तर गळतीचे आहे. आज्ञावली काम करताना संगणकाच्या स्मृतीतील जागा मागून घेते आणि काम संपल्यावर ती परत करावी अशी अपेक्षा असते. एखाद्या चुकीमुळे थोडी जागा परत करावयाची राहून जाते. कपाटातून काढलेले कागद टेबलावरच ठेवणारा कारकून पहिल्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही. महिन्याभराने मात्र टेबल दिसेनासे होते. ही चूक शोधून काढणे हाच खरा इलाज. परंतु ती सापडेपर्यंत सेवा बंद ठेवता येत नाही. म्हणून अपाचीच्या रचनेत एक मुख्य प्रक्रिया आणि तिच्या हाताखाली अनेक कामकरी प्रक्रिया अशी योजना आहे. प्रत्येक कामकऱ्याने ठरावीक संख्येच्या विचारणा हाताळल्या की त्याला निवृत्त करावे आणि त्याच्या जागी ताज्या दमाचा दुसरा उभा करावा. नियमांत बदल करावयाचा असला तरी सर्वांना एकदम हाकलावयाचे नाही. हातातले काम पुरे करून जा, असा इशारा मुख्य प्रक्रिया देते आणि नवे कामकरी नव्या नियमांनिशी जागा घेतात. बाहेर खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला हा पालट कळतही नाही. लालबागच्या गिरण्यांतून पाळी बदलत असे ती याहून फारशी निराळी नव्हती.

तिसरे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे. आज्ञावली बदलली नाही तरी भोवतालचे जग बदलते. सर्व्हरची ओळख पटविणारे जे प्रमाणपत्र असते त्याला मुदत असते. सप्टेंबर २०२० पासून ती मुदत जास्तीत जास्त ३९८ दिवसांची करण्यात आली, आणि २०२९ पर्यंत ती टप्प्याटप्प्याने ४७ दिवसांवर आणावी असा निर्णय २०२५ साली झाला. मुदत चुकली की यंत्र ठणठणीत असूनही लोक त्याच्यावर विश्वास ठेवीत नाहीत. याशिवाय, ज्या आज्ञावलीत काल कोणाला दोष दिसला नव्हता तिच्यात आज कोणी चोरवाट शोधून काढतो. कुलूप तेच असते. चोराच्या हाती नवी किल्ली आलेली असते.

ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या आज्ञावलीतील 'हार्टब्लीड' नावाचा दोष १९१२ च्या एखाद्या जुनाट यंत्रातला नव्हता. तो मार्च २०१२ मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीबरोबर शिरला आणि एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आला. तोवर दोन वर्षे जगातील असंख्य सर्व्हरांच्या स्मृतीतील गुपिते बाहेरच्या माणसाला वाचता येण्यासारखी होती. चौकशीअंती लोकांना कळले की, ज्या आज्ञावलीवर जगातील बँकांचा व बाजारांचा विश्वास होता, तिची निगा पूर्ण वेळ राखणारा माणूस जवळजवळ एकटाच होता आणि तिच्यासाठी वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलरच्या देणग्या मिळत होत्या. दोष उघड झाल्यावर मोठमोठ्या कंपन्या मदतीस धावल्या. विश्रांतीचा दिवस यंत्राच्या सफाईसाठी खर्ची घालणारा परळचा मजूर आणि आपल्या फुरसतीच्या वेळात जगाची कुलपे दुरुस्त करणारा हा तंत्रज्ञ यांच्या स्थितीत शंभर वर्षांनंतरही केवढे साम्य आहे!

मग नवी आवृत्ती येताच ती बसवावी, एवढ्याने काम भागते काय? तसेही नाही. अपाचीची २.४.४९ ही आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये निघाली. तिच्यातील एका नव्या फेरफारामुळे बाहेरच्या माणसाला सर्व्हरवरील नको ते कागद उघडून पाहण्याची वाट मिळाली. ४ ऑक्टोबर रोजी दुरुस्त आवृत्ती आली. परंतु ती दुरुस्ती अपुरी ठरली आणि ७ ऑक्टोबर रोजी दुसरी आवृत्ती काढावी लागली. ज्यांच्याकडे त्या आधीची आवृत्ती होती त्यांना या विशिष्ट दोषाची बाधा झालीच नव्हती. यावरून काहीच बदलू नये असा अर्थ काढणे चूक होय, कारण जुन्या आवृत्तीचे दोष निराळे असतात. अर्थ एवढाच की प्रत्येक बदल प्रथम बाजूच्या यंत्रावर चालवून पाहावा, मग एका कप्प्यात आणावा, आणि बिघडल्यास पूर्वस्थितीवर येण्याची वाट मोकळी ठेवावी. तीच गोष्ट प्रतींची. माहितीची दुसरी प्रत काढून ठेवली म्हणून निश्चिंत होऊ नये. त्या प्रतीवरून सारे पुन्हा उभे करून पाहिले असेल, तरच ती प्रत खरी.

मुंबईत या विद्येची सर्वांत कडक परीक्षा दलाल स्ट्रीटवर झाली. १८७५ पासून चालत आलेल्या शेअर बाजारात दलाल ओरडून व हातवारे करून सौदे करीत. १४ मार्च १९९५ रोजी तेथे 'बोल्ट' ही संगणकीय पद्धत सुरू झाली आणि अवघ्या ५० दिवसांत सारा बाजार तिच्याकडे वळला. त्यासाठी टँडेम कंपनीची यंत्रे आणली गेली. त्यांचे वैशिष्ट्य असे की प्रत्येक महत्त्वाचा भाग जोडीने असे. एक बिघडला तरी दुसरा काम उचलून धरी. तरीही ३ जुलै २०१४ रोजी संगणकजाळ्यातील बिघाडामुळे या बाजाराचे व्यवहार सुमारे तीन तास थांबले. यंत्रे जोडीने असली तरी त्यांना जोडणारी वाट एकाच ठिकाणी अरुंद असेल, तर सारा बंदोबस्त त्या एका ठिकाणाइतकाच भक्कम असतो.

जागेचा विचारही मुंबईने शिकविला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच दिवशी कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर झाला. एकाच शहरातील दोन टोकांचे दैव इतके भिन्न असू शकते, तर एका इमारतीत शेजारीशेजारी ठेवलेले दोन सर्व्हर हे संकटाच्या दृष्टीने एकच होत, हे उघड आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली, लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. परंतु शेअर बाजाराचे व्यवहार चालू राहिले. लोकांनी वीज गेल्याची आठवण ठेवली. बाजार चालू राहिला याची आठवण फार थोड्यांना आहे.

निगेच्या कामाचे दुर्दैव यातच आहे. ते उत्तम झाले तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडल्याची बातमी होत नाही. पूल बांधणाऱ्याचे नाव कोनशिलेवर कोरले जाते. दरवर्षी त्याचे सांधे तपासणाऱ्याचे नाव हजेरीपटाबाहेर जात नाही. त्यामुळे अंदाजपत्रकात काटछाट करावयाची वेळ आली की प्रथम कात्री लागते ती निगेच्या खर्चाला. त्या वर्षी बचत दिसते आणि काही बिघडतही नाही. बिघाड येतो तो दोनचार वर्षांनी, आणि तेव्हा त्याचे कारण कोणाला आठवत नाही. सर्व्हरच्या बाबतीत तर ही विस्मृती अधिक घातक आहे, कारण यंत्र कसे मांडले, कोणता फेरफार केव्हा व का केला, हे पुष्कळदा एकाच माणसाच्या डोक्यात असते. तो माणूस नोकरी सोडून गेला की मॅककूलच्या आज्ञावलीप्रमाणे ते यंत्र पोरके होते. आणि दर वेळी ठिगळे गोळा करणारे परोपकारी लोक मिळतीलच असे नाही. म्हणून केलेल्या प्रत्येक बदलाची लेखी नोंद ठेवणे आणि एकाचे काम दुसऱ्याला शिकवून ठेवणे, हाही निगेचाच भाग होय.

सुशिक्षित कुटुंबांचा या विषयाशी काय संबंध, असे कोणी विचारील. निवृत्तिवेतन, घराचे हप्ते, औषधांची मागणी, मुलांचे परीक्षेचे अर्ज, हे सारे आता याच खिडक्यांतून होते. ज्या संस्थेच्या हाती आपण हे व्यवहार सोपविले, ती ठरवून विराम घेते काय, त्याची आगाऊ सूचना देते काय, आणि रात्री जागून यंत्रे सांभाळणाऱ्यांना पुरेशी विश्रांती व मोबदला देते काय, हे विचारण्याचा नागरिकाला अधिकार आहे. रविवारच्या मेगाब्लॉकची सूचना वाचून जो गृहस्थ त्रासतो, त्याने हेही ध्यानात घ्यावे की जी संस्था अशी सूचना कधीच देत नाही तिच्याकडे निगा फार चांगली असेल, अथवा मुळीच नसेल. आणि या दोहोंपैकी खरे कोणते, हे बिघाडाचा दिवस येण्यापूर्वी विचारून घेणे शहाणपणाचे आहे.